वाढत्या अंगाची स्कूटर

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. स्कूटर म्हटल्याबरोबर पेट्रोल, हॉर्न आणि धूर डोळ्यांसमोर आणू नका. माझ्या पोटात इंजिन नाही. एक पाय माझ्या फळीवर ठेवायचा, दुसऱ्या पायाने जमीन मागे ढकलायची, की मी निघाले. पुढे एक चाक, मागे एक चाक, मध्ये फळी आणि समोर उभा दांडा, एवढाच माझा पसारा. सध्या मी एका शाळेच्या खेळाच्या खोलीत राहते. माझा निळा रंग जागोजागी उडाला आहे आणि एका मुठीचे रबर कुणीतरी चावून खाल्ले आहे. कुणी ते मला ठाऊक आहे, पण चहाडी करायची मला सवय नाही.

तरीही आज मी एक गोष्ट सांगणार आहे. तिला चहाडी म्हणा हवे तर. पण तिच्यात थोडी गुन्हेगार मीही आहे, म्हणून ती सांगायचा मला हक्क आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका टोकाला नळ्या कापत, मध्ये त्या जोडत, पुढे रंग मारत आणि अगदी शेवटच्या टेबलावर जाड चष्मा लावलेल्या एक बाई बसत. आमचे ब्रेक तपासणे हे त्यांचे काम. माझ्या मागच्या चाकावर एक वाकवलेला पत्रा आहे. टाचेने तो दाबला की चाकाला घासतो आणि मी थांबते. बाई तो अंगठ्याने दाबून बघत, एकदा नव्हे, दहादा. मग स्वतःशीच म्हणत, "हं, थांबते." माझ्याबद्दल कुणी बोललेले ते पहिले वाक्य. मला ते जरा लागलेच. एवढी देखणी, एवढी गुळगुळीत चाकांची मी, आणि कौतुक कशाचे, तर थांबते याचे!

त्यानंतर माझ्या हँडलला दोऱ्याने एक कागद बांधला गेला. त्यावर चित्रे होती. हँडल मुलाच्या कमरेशी यावे. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे बसावे आणि हलू नये. पायात मापाचे बूट असावेत. तो कागद मिरवत मी एका दुकानाच्या काचेआड येऊन उभी राहिले. तिथून मला टेलरकाका घेऊन गेले.

टेलरकाका म्हणजे भिंगरीचे बाबा. सगळी गल्ली त्यांना टेलरकाकाच म्हणे. खाली त्यांचे शिवणाचे दुकान, वर दोन खोल्यांचे घर. भिंगरीची आई दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर काम करायची. आणि भिंगरी होती पाच वर्षांची. खरे नाव तिचे वेगळे होते, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत असायचे. एका जागी दोन मिनिटे बसली तर बाबा विचारत, "भिंगरे, बरं वाटत नाही का गं?"

टेलरकाकांच्या हाताला जादू होती. माणूस दारातून आत येईपर्यंत त्यांच्या नजरेने त्याचे माप घेतलेले असे. मात्र त्यांची एक खोड होती. लहान मुलांचे काहीही शिवायचे, तर ते वाढत्या अंगाचे शिवायचे. शिलाईत आत जास्तीचे कापड सोडायचे, झग्याच्या खाली तीन दुमडी घालायच्या, बाह्या हाताच्या बोटांपर्यंत ठेवायच्या. म्हणायचे, "पोरं काय, रात्रीतून वाढतात. आज नेमकं शिवलं की उद्या आखूड." भिंगरीचा गणवेश पहिलीत शिवला की तिसरीपर्यंत उसवत उसवत पुरायचा, अशी त्यांची योजना होती. तिचे बूटसुद्धा एक नंबर मोठे, आणि पुढे बोटांच्या जागी कापडाचे बोळे.

त्यात वाईट काय होते, सांगा? काहीच नाही. झगा ढगळ असला म्हणून कुणाचे वाकडे होत नाही.

पण मी झगा नव्हते.

मला घरी आणले त्याच संध्याकाळी काकांनी माझा दोरा तोडला. कागदाच्या एका बाजूला चित्रे, पण दुसरी बाजू छान कोरी होती. ती पाहून काकांना आनंद झाला आणि त्यांनी त्यावर एका कॉलरचा नमुना आखून कापून काढला. चित्रे गेली चिंध्यांच्या डब्यात. माझ्या दांड्याला तीन भोके आहेत. हँडल खालच्या भोकात बसवले की ते लहान मुलांच्या कमरेशी येते, वरच्या भोकात बसवले की मोठ्यांच्या. काकांनी ते सरळ वरच्या भोकात बसवले. हँडल भिंगरीच्या हनुवटीशी आले. आता मी कबूल करते, मला ते आवडले. दुकानातल्या उभ्या आरशात मी स्वतःला पाहिले, तर मी केवढी उंच आणि रुबाबदार दिसत होते! त्या वेळी मनात काहीतरी खटकायला हवे होते. खटकले नाही. मला माझीच पडली होती.

हेल्मेटही तसेच आणले, दोन वर्षांनी बसेल असे. भिंगरीच्या डोक्यावर ते टोपलीसारखे फिरायचे. काकांनी त्याला आतून फलाटीनचे अस्तर शिवले, मऊ, पिवळे, कडेला बारीक टाके घातलेले. ते अस्तर पाहायला शेजारपाजारचे लोक आले. "काका, हे नुसतं हेल्मेट नाही, राजाचा मुकुट आहे," असे एकजण म्हणाला. ते अस्तर सुंदर होते यात शंकाच नाही. फक्त त्याने हेल्मेट घट्ट झाले नाही, गुबगुबीत झाले.

भिंगरी मला घेऊन निघाली की गल्ली बघत राही. बसमधल्या वरच्या दांड्याला लोंबकळावे तशी ती माझ्या हँडलला लोंबकळायची. कोपर खांद्यांच्या वर, नाक मुठींच्या मध्ये. वळायचे असले तर माझ्या आधी तिलाच अख्खे वळावे लागे. तरी ती हसायची. तिचे ते हसणे ऐकून काका मशीन थांबवून दारात येत आणि टाळ्या वाजवत. "आणखी जोरात! विमान सोड!" असे ओरडत. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा काळ होता. आज आठवला की मात्र अंगावर काटा येतो.

भिंगरीच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. शनिवारी सकाळी त्या लहान मुलांना त्यांच्या स्कूटरी घेऊन मैदानात बोलवत. त्यांची शिकवण्याची तऱ्हा उलटी होती. मुले म्हणत, बाई, चालवायला शिकवा. बाई म्हणत, आधी थांबायला शिका. पहिल्या शनिवारी कुणालाही स्कूटर चालवू दिली नाही. फळीवर उभे राहायचे, टाचेने ब्रेक दाबायचा, उतरायचे. पुन्हा उभे राहायचे, दाबायचे, उतरायचे. दुसऱ्या शनिवारी दोन पावले ढकलायची आणि खडूच्या रेघेवर थांबायचे. रेघ ओलांडली की पुन्हा. गुडघा थोडा वाकलेला, दोन्ही हात हँडलवर, नजर पुढे, पायाकडे नाही. जिथून गाडी बाहेर येऊ शकते अशा फाटकासमोर उतरून चालत जायचे. उतारावर फळीवर पाय ठेवायचाच नाही.

भिंगरीला रेघेवर काही थांबता येईना. तिचा पाय ब्रेककडे जाई, पण बुटात आधी पाय सरके आणि मग बूट. बाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिले आणि फाटकाशी उभ्या असलेल्या काकांना जवळ बोलावले.

"काका, हँडल एकदम खाली घ्या. तिच्या कमरेशी आलं पाहिजे. आणि हेल्मेट बदला. हे डोक्यावर बसलेलं नाही, नुसतं ठेवलेलं आहे."

भोवती इतर मुलांचे आईबाप उभे होते. त्यांतल्या निम्म्यांच्या अंगावर काकांनीच शिवलेले कपडे होते. काकांचे कान लाल झाले.

"बाई, तीस वर्षं मी लोकांची मापं घेतोय," ते म्हणाले. "माझ्या पोरीचं माप तुम्ही मला सांगणार?"

"कपड्यांचं नाही सांगत हो. त्यात तुमचा हात कोण धरणार?"

"वाढतं अंग आहे तिचं. सहा महिन्यांत बघा, हेच कसं बरोब्बर बसेल."

"बसेल की," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण ती आज चालवतेय ना!"

उत्तर सुचले नाही की माणसे रागावतात. काकाही रागावले. म्हणाले, "चल गं भिंगरे, आपली गल्ली आपल्याला पुरे." त्यांनी एका हातात तिला धरले, दुसऱ्या हाताने मला खांद्यावर टाकले, आणि आम्ही घरी आलो. मी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहत होते. बाकीची मुले रेघेवर थांबायला शिकत होती.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवसाची गोष्ट. संध्याकाळचे पाच वाजले असतील. काकांकडे कामाची घाई होती. भिंगरी मला घेऊन गल्लीत आली. आमची गल्ली औषधांच्या दुकानाकडे हळूच उतरते. चालताना तो उतार पायाला जाणवतही नाही, पण चाकांना सगळे कळते. मी धावू लागले. भिंगरीला वाटले, आपणच जोरात ढकलले, आणि ती खूश झाली. वाटेत गटाराचे झाकण थोडे वर आलेले होते. त्यावरून माझे पुढचे चाक उडाले. त्याबरोबर ते राजमुकुटासारखे हेल्मेट सरकून पुढे आले आणि भिंगरीच्या डोळ्यांवर बसले.

तिला काही दिसेना. हेल्मेट वर करायला तिने एक हात सोडला. हनुवटीशी असलेले हँडल दुसऱ्या हाताला आवरेना. तिने ब्रेककडे पाय नेला, कारण बाईंनी दोन शनिवार तेच तर शिकवले होते. तिला आठवले होते, मित्रांनो! पोरीने बरोबर तेच केले होते. पण मोठा बूट पत्र्यावरून घसरला, आणि आम्ही दोघी औषधांच्या दुकानाच्या दगडी पायरीवर जाऊन आदळलो.

मला फार लागले नाही. भिंगरीचा डावा कोपर मोडला.

औषधवाले धावले, काका धावले. हातात कात्री तशीच होती. त्यांनी तिला उचलले, तिचा चेहरा पाहिला, लोंबणारा हात पाहिला, आणि घाबरलेली माणसे करतात तेच केले. ते तिच्यावर ओरडले.

"सांगितलं होतं ना, जोरात जाऊ नकोस म्हणून! ऐकायचंच नाही का कुणाचं?"

असे त्यांनी कधीच सांगितले नव्हते. मी साक्षीला होते. पण माझी साक्ष कोण काढणार? भिंगरी रडायची थांबली. हुंदका गिळून ती म्हणाली, "चुकले, बाबा."

मी नंतर ऐकले, दवाखान्याच्या खिडकीवर तिच्या आईनेच तिचे नाव लिहून घेतले. पेन खाली ठेवून ती एवढेच म्हणाली, "तिच्यावर काय ओरडताय? आधी तिला जवळ घ्या." काकांनी घेतले. पण ओरडलेले शब्द काही त्यांनी परत घेतले नाहीत.

हाताला प्लास्टर घातले, सहा आठवड्यांनी काढले. हाड जुळले, कोपर मात्र पूर्ण सरळ झाला नाही. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, फरक पडेल. फरक पडला, पूर्ण पडला नाही. तेव्हापासून भिंगरीच्या गणवेशाची डावी बाही काका वेगळ्या मापाने कापू लागले. ती कापताना ते कुणाशी बोलत नसत.

मला त्यांनी दुकानात, कपडे घालून बघायच्या पडद्यामागे, उंच खुंटीला टांगले. तिथून मला दुकानाचा एक तुकडा दिसे आणि ऐकू सगळे येई. हेल्मेटचे पिवळे अस्तर त्यांनी एकदा बसून टाका टाका उसवले. मला वाटले, आता ते भिंगरीला बोलावतील, मला खाली काढतील, हँडल उतरवतील आणि तिला खरे काय ते सांगतील. त्यांना कळले नव्हते असे नाही. अनेकदा ते पडद्याआड येऊन माझा दांडा चाचपत, तिन्ही भोकांवरून बोट फिरवत. मग गिऱ्हाईक हाक मारी आणि ते जात. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज रोज थोडी थोडी जड होत जाते.

भिंगरीने मला कधी मागितले नाही. तिने सायकलही मागितली नाही. मैत्रिणी बोलवायला आल्या तर म्हणे, "नको, मी धांदरट आहे. मी पडते." एके काळी जिला दोन मिनिटे बसवत नसे, ती आता बाबांच्या कापायच्या टेबलाशी तास तास बसून वाचत असे. लोक म्हणत, किती शहाणी झाली! ते ऐकून मला खुंटीवर कसेसेच होई. ती शहाणी झाली नव्हती. तिने स्वतःवर ठपका ठेवला होता, आणि तो खोटा होता.

अशी चार वर्षे गेली.

एका दुपारी खेळाच्या बाई दुकानात आल्या. मुलांच्या फाटलेल्या बनियनांचा गठ्ठा त्यांनी टेबलावर ठेवला. बोलता बोलता पडदा हलला आणि त्यांना मी दिसले.

"काका, ही अजून आहे? पडून असेल तर आम्हाला द्या ना. यंदा लहान मुलं पुष्कळ आलीत, स्कूटरी कमी पडतात."

काकांनी मला खाली काढले. चार वर्षांची धूळ पुसली. मग त्यांनी हँडलचा स्क्रू काढला. तो गंजला होता, जोर लावावा लागला. हँडल त्यांनी खालच्या भोकात बसवले.

बाई भिंगरीकडे वळून म्हणाल्या, "तुझीच ना गं ही? चालवायची का सोडलीस?"

भिंगरी टेबलाशी बसून गणिते सोडवत होती. मान वर न करता, पाढा म्हणावा इतक्या सहज ती म्हणाली, "मी फार जोरात चालवायचे, बाई. बाबांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. माझंच चुकलं."

काका स्क्रू पिळता पिळता थांबले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि त्या बनियनांच्या घड्या घालू लागल्या. मला वाटले, आता गिऱ्हाईक येईल, कुणीतरी हाक मारील, आणि हाही क्षण जाईल. कुणी आले नाही.

"भिंगरे," काका म्हणाले. "तुझं काही चुकलं नव्हतं. मी तुला सांगितलंच नव्हतं सावकाश जा म्हणून. उलट, जोरात जा म्हणायचो. ही उंच ठेवली मी. हेल्मेट मोठं, बूट मोठे, सगळं मीच. बाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. माप माझं चुकलं, बाळा."

भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली. तिने बाबांकडे पाहिले. रागाने नाही. हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा तसे काहीतरी तिच्या डोळ्यांत चालले होते.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" तिने विचारले.

या वेळी काका रागावले मात्र नाहीत. मान खाली घालून उभे राहिले.

मग भिंगरी उठली. माझ्याजवळ आली, हँडल धरले, एक पाय फळीवर ठेवला. चार वर्षांनी तिचा पाय माझ्या अंगावर पडला आणि माझी जुनी चाके थरारली. दुकानाच्या फरशीवर तिने एकदा ढकलले, दोनदा ढकलले. काकांनी घाईघाईने हँडल मधल्या भोकात घेतले, मग वरच्या. हँडल आता कमरेशी आले, पण फळी तिच्या पायांना आखूड पडत होती. तिचा गुडघा माझ्या दांड्यावर आपटत होता. ती टाचेने ब्रेक दाबून अगदी बेतशीर थांबली आणि उतरली.

"बाबा, ही आता मला लहान होते," ती म्हणाली.

त्या दुकानात हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणे, आणि काका हसून म्हणत, द्या इकडे, उसवून देतो, आत कापड आहे. त्या दिवशी ते तसे म्हणू शकले नाहीत. त्यांनी तिला जवळ घेतले. ती त्यांच्या कुशीत गेली, पण डावा हात त्यांच्या पाठीमागे पुरता पोहोचला नाही.

तेव्हापासून मी शाळेत आहे. हँडल खालच्या भोकात असते. शनिवारी काका येतात, मुलांच्या कमरेला आणि डोक्याला टेप लावतात, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच सैल ठेवतात, सैल बूट दिसले तर आईबापांना तिथेच सुनावतात. लोक त्यांना कटकटे म्हणतात. म्हणू देत. भिंगरी मात्र येत नाही. घरी सायकल आणायची का, असे काकांनी तिला दोनदा विचारले. ती "बघू" म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिचा ब्रेक रोज दाबून बघा, स्क्रू पिळा, आणि आधी थांबायला शिका. घरातल्या मोठ्या माणसांना माझा निरोप द्या. मूल आज जेवढे आहे, तेवढ्याच मापाचे त्याला द्या. आणि ते पडले तर त्याला आधी उचला. चूक तुमची असेल, तर ती त्याच दिवशी त्याला सांगा. चार वर्षांनी सांगितली, तर ती गोष्ट खरीच असते, पण तोवर मुलाला लहान होते.